शिवशील गं, वाळवशील कुठं?

पाळीसाठीचे कापडी पॅड घरीच शिवायचे ठरवलंय, असं आईला सांगितलं तेव्हा ती मेथी निवडत होती. हात थांबले नाहीत तिचे, पण चेहरा उतरला. "आम्ही त्यातनं सुटलो आणि तू परत तिकडंच चाललीस?" म्हणाली. मग थोड्या वेळानं जुडी बाजूला ठेवून तिनं विचारलं, "शिवशील गं, शिवणं काय अवघड नाही. वाळवशील कुठं?"

तेव्हा मला तो प्रश्न किरकोळ वाटला. पुण्यात आमचा तिसरा मजला, गॅलरीत दोन दोऱ्या, सकाळचं ऊन थेट आत येतं. वाळवण्याचं काय एवढं? पुढच्या चार महिन्यांत मी जे शिवलं, उसवलं आणि परत शिवलं, ते सगळं त्या एका प्रश्नापाशीच येऊन अडलं.

या वाटेला लागायची कारणं दोन. पहिलं अंगाचं. उन्हाळ्यातल्या प्रत्येक पाळीत तिसऱ्या दिवसापर्यंत जांघेत सोलून निघायचं. डॉक्टरीणबाईंनी मलम दिलं आणि म्हणाल्या, घाम, घर्षण आणि खालचा प्लॅस्टिकचा थर, तिन्ही एकत्र आलं की काही जणींच्या कातडीला सोसत नाही. सुती वापरून बघा.

दुसरं कारण आमच्या जिन्यातलं. आमच्याकडे कचरा न्यायला 'स्वच्छ'च्या ताई येतात. ही कचरावेचकांची स्वतःची सहकारी संस्था, २००८ पासून पुणे महापालिकेबरोबर घरोघरचा कचरा गोळा करते. वापरलेलं पॅड वर्तमानपत्रात गुंडाळा आणि वर लाल ठिपका काढा, असं त्यांचं कधीपासूनचं सांगणं आहे. ठिपका दिसला की कचरा वेगळा करताना ती पुडी उघडून बघावी लागत नाही. मी ठिपका काढायचे आणि मला वाटायचं, आपलं काम झालं. एकदा पहिल्या मजल्यावर ताईंची पिशवी फाटली. पुड्या पायऱ्यांवर पसरल्या, बऱ्याच नुसत्याच गुंडाळलेल्या, काही सुटलेल्या. ताई खाली बसून एकेक हातानं गोळा करत होत्या. मी वरून सुपली घेऊन पळाले, तर म्हणाल्या, "राहू द्या, तुमचे हात कशाला." त्या पुड्यांत माझ्याही होत्या. ते मला आजही आठवतं.

आईचं माहेर माण तालुक्यातलं, सातारा जिल्ह्याच्या दुष्काळी टोकाचं. तिच्या लहानपणी प्यायचं पाणीच लांबून डोक्यावर आणायचं. त्यात 'बाहेरची' बसली की हंड्याला हात लावायचा नाही, म्हणजे कुणीतरी वरून ओतेल तेवढ्याच पाण्यात सगळं उरकायचं. जुन्या लुगड्याच्या फडक्याची घडी, तीच धुऊन परत वापरायची. वाळत घालायची गोठ्यामागं, वर दुसरं धुणं टाकून. बापयांच्या नजरेला पडायला नको म्हणून. "ऊन कधी लागायचंच नाही त्याला," आई म्हणाली. "एकतर कडक व्हायचं पापडासारखं, चालताना मांडी कापायचं. नाहीतर दमट राहायचं आणि तसंच घ्यायला लागायचं, दुसरं नसायचं." लग्न होऊन साताऱ्यात आली, दुकानातलं पहिलं पाकीट हातात पडलं, तेव्हा ती रडली होती. हे तिनं मला पहिल्यांदा सांगितलं. म्हणून तिचं ते 'परत तिकडंच चाललीस' मी हसण्यावारी नेलं नाही. ती कापडाला घाबरत नव्हती, त्या दमट घडीला घाबरत होती.

कापड आणायला लक्ष्मी रस्त्यावर गेले. दुकानात 'पॅडसाठी' म्हणाले तर त्यांना कळेना. बाळाच्या दुपट्यांचं फ्लॅनेल म्हटल्यावर लगेच ठाण पुढ्यात आलं. दोन मीटर घेतलं, फिकट रंगाचं. गडद रंग घ्यावा, डाग दिसत नाहीत, असं बऱ्याच जणी सांगतात. मला ते पटत नाही. धुऊन स्वच्छ झालंय की नाही हे डोळ्यांना दिसलं पाहिजे. डाग लपवायला निघालो की आपण परत गोठ्यामागंच जातो.

खालच्या थराला, ओल बाहेर येऊ नये म्हणून, पीयूएल लागतं. पॉलिएस्टरच्या विणलेल्या कापडाला एका अंगानं पॉलियुरेथेनचा पातळ पापुद्रा चिकटवलेला असतो. बाळांच्या कापडी डायपरचं बाहेरचं कापड तेच. ते ऑनलाइन मागवलं, अर्धा मीटर. टिचबटणं आणि पॉलिएस्टरचा दोरा रविवार पेठेतून. मशीन आईचंच, काळं, मोटर बसवून घेतलेलं.

फर्मा एका लग्नपत्रिकेच्या जाड कागदाचा कापला. लांबी साडेदहा इंच, मधली रुंदी तीन इंच, चड्डीखाली वळणारे दोन्ही पंख धरून आडवं साडेसात इंच. कडेनं शिलाईसाठी पाव इंच दाब धरून खडूनं आखलं. आठ तुकडे फ्लॅनेलचे खाली, एकावर एक रचून. त्यावर एक अख्खा, सगळ्यांत वर पीयूएल, म्हणजे उलटवलं की तुकडे मध्ये येतात. सगळं टाचण्यांनी घट्ट टाचलं आणि मशीनखाली सरकवलं.

पहिल्या वळणावरच सुई मोडली. आठ थरांवर चौदा नंबरची सुई चालणार नाही, हे आमच्या गल्लीत ब्लाउज शिवणाऱ्या काकूंनी सांगितलं. "सोळाची लाव, टाका मोठा कर, आणि घाई करू नकोस, चाक हातानं फिरव." तसं केलं. कडेनं अडीच इंच उघडं ठेवून शिवलं, वळणांवर कातरीनं बारीक चिरा दिल्या, उलटवलं, वरून टीप मारली. पीयूएल मशीनच्या पायाला चिकटत होतं, तर काकूंनीच वर्तमानपत्राची पट्टी वर ठेवून शिवायला सांगितलं. शिवून झालं की कागद ओढून फाडायचा. पॅड दिसायला फार देखणं झालं. दोन्ही पंखांना टिचबटणं लावली आणि बघते तर दोन्ही एकाच अंगाला. पंख चड्डीच्या खाली वळतात आणि एकावर एक बसतात, म्हणजे एक बटण एका पंखाच्या फ्लॅनेलच्या अंगाला आणि दुसरं दुसऱ्या पंखाच्या पीयूएलच्या अंगाला हवं. उसवून परत लावली.

मग धुतलं, आणि ते देखणं पॅड आकसून होडीसारखं वाकलं. कोरं कापड मी आधी धुतलंच नव्हतं. फ्लॅनेल आटलं, पीयूएल आटलं नाही. आई गप्प बसून बघत होती. "साडीचा फॉलसुद्धा आधी भिजवून लावतात," एवढंच म्हणाली. तेव्हापासून कापड आणलं की दोनदा धुवायचं, वाळवायचं, आणि मगच खडू हातात घ्यायचा. आधी धुण्याचा आणखी एक फायदा, कोऱ्या कापडातली खळ जाते. नव्या फ्लॅनेलवर पाण्याचा थेंब टाकून बघा, मोत्यासारखा वर बसतो. चार-पाच धुण्यांनंतर तोच थेंब टाकल्या टाकल्या आत जातो. पहिल्याच पाळीत कापड 'शोषत नाही' म्हणून टाकून देणाऱ्या बायकांची मला हळहळ वाटते. त्यांना हे कुणी सांगितलेलंच नसतं.

दुसरं पॅड आटलं नाही, पण गळलं. दुसऱ्या दिवशी, ऑफिसात. घरी येऊन धुण्याआधी मी ते दिव्याखाली धरून नीट बघितलं. मधला भाग अर्धासुद्धा भिजलेला नव्हता. पण मध्यभागातून, सगळे थर जागेवर राहावेत म्हणून मी आरपार जी टीप मारली होती, त्या टिपेवरून तांबडी रेघ सरळ खालच्या अंगाला उतरली होती. टाक्यागणिक एक ठिपका. सवयीनं त्या टिपेला सुती दोरा वापरला होता, आणि समईतली वात जशी तेल ओढून घेते तसं त्या दोऱ्यानं ओढून बाहेर नेलं होतं. वर टाचण्यांची भोकंही होतीच. पीयूएलला एकदा भोक पडलं की ते बुजत नाही. त्यानंतर मी तीन गोष्टी बदलल्या. शोषणारे थर फक्त वरच्या फ्लॅनेलला शिवायचे, पीयूएल मधून कुठेही टोचायचं नाही. दोरा सगळा पॉलिएस्टरचा. आणि टाचण्यांऐवजी कपडे वाळत घालायचे छोटे चिमटे. तिसरं पॅड रात्रभर टिकलं.

मला वाटलं, झालं. सहा पॅड शिवले. आणि जुलै लागला.

पुण्यातला जुलै म्हणजे ऊन नाही आणि हवा दमट. पॅड गॅलरीत दोन दिवस लटकत होते. हाताला कोरडे लागायचे, पण घडी करून नाकाशी नेलं की तो कुबट वास. आईनं एक उचललं, दोन्ही हातांनी दाबलं, आणि काही न बोलता परत दोरीवर टाकलं. मला तिच्याकडे बघवेना.

तोवर मी नुसत्या हाताच्या अंदाजावर होते, म्हणून स्वयंपाकघरातला वजनकाटा काढला. कोरं पॅड ४० ग्रॅम. धुऊन, पिळून ८६. चोवीस तासांनी, म्हणजे मला 'वाळलं' वाटत होतं तेव्हा, ५५. पंधरा ग्रॅम पाणी आतच होतं. आठ थर एकत्र शिवून वर-खाली बंद केलेल्या त्या पुडीच्या पोटात वारा शिरणार कुठून? वरचा थर वाळतो, आपल्याला फसवतो, आणि मधले थर ओलेच राहतात. आईच्या गोठ्यामागच्या घडीला ऊन लागत नव्हतं, कारण वर दुसरं धुणं होतं. माझ्या पॅडला लागत नव्हतं, कारण मीच ते आत शिवून टाकलं होतं.

हे कळल्यावर मी पॅडचा विचारच उलट्या बाजूनं सुरू केला. शोषणं ही अडचण नाहीच. चार थर फ्लॅनेल पुष्कळ शोषतं. वाळायचं ते उघडं, एकपदरी झालं पाहिजे. आणि मग लक्षात आलं, आईच्या वेळची घडी मुळात बरोबरच होती. मोकळी, उलगडणारी. तिला जागेवर धरून ठेवणारं काही नव्हतं, खाली न गळणारं काही नव्हतं, आणि उन्हात टाकायची सोय नव्हती. तिन्हीतलं काहीच घडीच्या अंगचं वाईट नव्हतं.

आता जे शिवते त्याचे दोन भाग. खालचा भाग, त्याला आम्ही 'बैठक' म्हणतो, तो पंखांचा: वर एक फ्लॅनेल, खाली एक पीयूएल, मध्ये काही नाही. पापुद्र्याची चकचकीत बाजू आत. दोन्ही टोकांना एकेक आडवी पट्टी, पाऊण इंचाची, फक्त वरच्या फ्लॅनेलला आणि कडेच्या शिलाईत धरलेली. दुसरा भाग म्हणजे घडी: नऊ बाय दहा इंचाचं साधं फ्लॅनेल, दहा इंचाच्या चार घड्या घातल्या की अडीच इंच रुंद होतं. दोन्ही टोकं पट्ट्यांखाली खोचायची. नेहमीच्या दिवसाला एक, जास्त जात असेल त्या दिवशी दोन, म्हणजे आठ थर. रात्रीच्या बैठकीची लांबी तेरा इंच, मागचं टोक पसरट, आणि घडी बारा इंच लांब.

घडीच्या कडा मी गल्लीतल्या फॉल-पिकोच्या दुकानातून करून घेतल्या. पहिल्या खेपेला पिको केली, तर कडेला दोऱ्याची कडक दोरी झाली आणि बसताना टोचायला लागली. इंटरलॉक मागा. कड चपटी राहते आणि घडीत कुठं आहे ते कळतसुद्धा नाही.

काट्यावर ठेवलं तर एक घडी नऊ ग्रॅम. धुऊन उलगडून रुमालासारखी चिमट्यात लावली. तोच जुलै, तीच गॅलरी. सकाळी लावलेली संध्याकाळी परत नऊ ग्रॅम. काटा पुसून पुन्हा ठेवली, पुन्हा नऊ. मी आईला हाक मारली. तिनं चष्मा लावून आकडा वाचला, घडी काट्यावरून उचलली आणि गालाला लावली. एका गालाला, मग दुसऱ्या.

त्याच आठवड्यात तिनं आपल्या जुन्या सुती इंदुरी साडीचा पदर काढला. पन्नास-साठ वेळा धुतलेलं ते कापड कुठल्याही नव्या फ्लॅनेलपेक्षा मऊ असतं, पण पातळ. तिनं दोन पदर एकावर एक ठेवून गोधडीला घालतात तसा हातानं धावदोरा घातला, बोटभर अंतरानं, आडव्या रेघा. मशीनला हात लावला नाही. तिनं केलेल्या चार घड्या माझ्याकडच्या सगळ्यांत लवकर वाळतात.

धुण्याचं सांगते, कारण चुका इथेच होतात. गार पाणी. गरम पाण्यात रक्त कापडावर पक्कं बसतं, मग कितीही घासा. बदललं की बैठक आणि घडी वेगळी करायची, गार पाण्यात तास-दोन तास भिजत टाकायची, ते पाणी ओतून द्यायचं आणि मग साध्या साबणानं चोळायचं. पाणी नितळ येईपर्यंत खळबळायचं. साबण राहिला तर कातडीला तोच लागतो. कपडे मऊ करणारं जे द्रावण मिळतं ते चुकूनही नको, त्याचा थर बसून कापड पाणी प्यायचं थांबतं. बैठकीला इस्त्री नको, पापुद्रा सुटतो. पिळतानाही बैठक पिळायची नाही, दाबायची. ऑफिसात मी चार-पाच तासांनी बदलते. वापरलेलं आतल्या अंगाला गुंडाळून पंखांचं बटण लावलं की लहान पाकीट होतं, आणि उरलेल्या पीयूएलची चेन लावलेली पिशवी शिवली आहे त्यात ते घरी येतं. वास येतो का, असं मैत्रिणी विचारतात. संध्याकाळपर्यंत येत नाही. दुसऱ्या दिवसापर्यंत पिशवीत विसरलं तर येतो, आणि एकदा मी विसरले होते.

माझी जांघ या उन्हाळ्यात सोलली नाही. माझ्या घरून लाल ठिपक्याची पुडी आता क्वचित जाते, प्रवासात वगैरे. बारा बैठका आणि तीस घड्या एवढ्यात माझं भागतं.

पण एक गोष्ट मला मनापासून सांगायची आहे, आणि ती आईच्या बाजूची आहे. कापडी पॅडला कापडाआधी नळ लागतो, ऊन लागतं आणि स्वतःची दोरी लागते. ऊसतोडीच्या तळावर झोपडीवजा कोपीत राहणाऱ्या बाईला, जिला अंघोळीला आडोसा नाही, तिला 'कापड वापर, पर्यावरणाला चांगलं' असं सांगणं मला निर्दय वाटतं. तिच्या हातात आधी पाणी द्या, आडोसा द्या. तोवर पाकिटातलं पॅड तिचा हक्कच आहे, आणि ते स्वस्त मिळालं पाहिजे. माझ्या गॅलरीचं शहाणपण तिच्यावर लादायचा मला अधिकार नाही. जिच्याकडे ही तीनही आहेत आणि जी केवळ लाजेपोटी कापड नको म्हणते किंवा पलंगाखाली वाळत घालते, तिच्याशी मात्र मी वाद घालते. आमच्या सोसायटीत घातलाही आहे. गॅलरीत 'हे असलं' दिसतं म्हणून एका शेजारणीनं मला जिन्यात थांबवलं होतं. मी तिला आईची गोठ्यामागची गोष्ट सांगितली. ती काही बोलली नाही. दोरी आहे तिथेच आहे.

दिवाळीनंतर माणातून मामेभावाच्या मुलीचा फोन आला. नववीत आहे, आजीकडून ऐकलं म्हणाली. त्यांच्याकडे आता नळ आहे, एक दिवसाआड पाणी येतं, पत्र्यावर ऊन भरपूर. तिच्याकडे मशीन नाही, पण शाळेत शिवण शिकवतात. मी तिच्यासाठी दोन्ही बैठकांचे फर्मे नव्या लग्नपत्रिकेच्या कागदाचे कापले, पीयूएलचा एक तुकडा, दोरा आणि सोळा नंबरच्या चार सुया एका डब्यात भरल्या. डबा बंद करायच्या आधी आईनं मोठा फर्मा माझ्या हातातून घेतला, बॉलपेन शोधलं, आणि पत्रिकेवरच्या गणपतीच्या खाली आपल्या वळणदार अक्षरात लिहिलं:

"कापड आधी दोनदा धुणे. दोरी उन्हात बांधणे. वर काही टाकू नये."